धुण्याजोगा पाय

छत्रपती संभाजीनगर,
ईस्टरनंतरचा मंगळवार

तीर्थरूप आप्पासाहेब यांना,

धाकट्या सर्जेरावाचा ख्रिस्तात सलाम आणि वैनींना वाकून नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, वैनींचा गुडघा कुरकुरत नसेल आणि म्हैस एव्हाना व्यायली असेल, असं धरून चालतो. इथं सगळे खुशाल आहेत. मी सोडून. (फोनच करणार होतो, पण तुमचा फोन वैनी स्पीकरवर टाकतात आणि मग अर्धं देवगाव रंगारी माझं दुःख ऐकत बसतं. म्हणून कागद.)

आधीच सांगून ठेवतो आप्पा, मी जळत नाही. वाचताना मधेमधे तुम्हाला तसं वाटलं, तर तो तुमचा गैरसमज समजावा. कडुबाबद्दल माझ्या मनात काही नाही. हा कडुबा म्हणजे सोयगावकडून आमच्या चर्चमध्ये आलेला नवा माणूस, चितेगावच्या एका कंपनीत गेटवर असतो. माणूस चांगला आहे. तीच तर तक्रार आहे. आला तेव्हा मागच्या बाकावर बसायचा. मग गाणाऱ्यांत गेला, कारण गळा गोड. मग रविवारचं वाचन त्याच्याकडं गेलं, जे आधी मी करायचो. (माझं वाचन ऐकून म्हाताऱ्या माणसांना झोप लागायची, पण ती शांतीची झोप होती.) नाताळातला गव्हाणीवरचा तारासुद्धा त्यानंच केला. माझा तारा कसा, नुसता लागायचा. ह्याचा उघडझाप करतो. आता सांगा, बेथलेहेमचा तारा उघडझाप करत होता का? त्याच्या मागनं निघालेले ते राजे पोचले असते का?

पण तेही सोडा. मोठ्या मनानं सोडलं होतं मी. माझं जे होतं ते एकच होतं, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर वेदीपुढं बारा खुर्च्या मांडून बारा जणांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. त्यातल्या पहिल्या खुर्चीला आमच्यात पहिल्या शिष्याची, पेत्राची खुर्ची म्हणतात, आणि तिच्यावर मी बसतो. कुणी बसवलं असं नाही, बसत गेलो. फादर बदलले, खुर्च्या लाकडाच्या होत्या त्या प्लास्टिकच्या झाल्या, पण पहिला पाय माझाच. आता फादरच्या हातात मळका पाय तर देता येत नाही, म्हणून उपवासकाळ लागतो त्या राखेच्या बुधवारपासून आमच्या घरी तयारी चालते. मनकर्णा गरम पाण्याची बादली देते, मी वजरीनं टाच घासतो, वर खोबरेल तेल आणि मोजा. फादर फक्त उजवा पाय धुतात, म्हणून उजवाच. (डावाही माझाच आहे, तोही वर्षभर राबतो, पण त्याच्याकडं कोण बघतंय!) यंदा तर टाच अशी निघाली होती की मनकर्णा म्हणाली, तुमच्या तोंडापेक्षा बरी दिसतीय. त्या भरात मी आपल्या तनुजाच्या सासऱ्यांना, जालन्याच्या तात्यासाहेबांना, सहकुटुंब बोलावून बसलो. म्हटलं, आपल्या सूनबाईच्या बापाला इथं काय मान आहे ते एकदा बघून जावं.

आणि ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी फादर सायमननी बारा नावं वाचली. नवे फादर, नवे विचार. दरवर्षी तीच माणसं नकोत म्हणे. चार बायका घेतल्या. सरिता नर्स घेतली, चांगलं केलं. पहिलं नाव कडुबा. माझं नाव पहिलं नव्हतं, मधलं नव्हतं, शेवटचंही नव्हतं. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागेवर टाकलं असतं तरी मी बसलो असतो, आप्पा! मिस्सा सुटल्यावर फादरनी खांद्यावर हात ठेवून मला दुसरं काम दिलं: गुरुवारी चर्चच्या बाजूच्या खोलीत, प्रभूनं शेवटच्या रात्री प्रार्थना केली ती गेथशेमानेची बाग करायची. म्हणजे कुंड्या वाहायच्या, माती पसरायची, पाणी मारायचं. बारा जण खुर्चीवर आणि पेत्र मातीत.

मी कन्फेशनला गेलो. नाव न घेता सांगितलं, की सोयगावकडच्या, गेटवर काम करणाऱ्या एका गोड गळ्याच्या माणसाविषयी मनात वाईट येतं. फादर म्हणाले, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करा. मी लगेच सुरू केली, अगदी मनापासून: देवा, त्याला बढती मिळू दे आणि बदली नागपूरला होऊ दे. अर्धी ऐकली देवानं. बढती मिळाली. कडुबा पेढे घेऊन घरी आला, माझ्या पाया पडला. उजव्याच.

गुरुवारी दुपारभर मी अनवाणी बाग केली. शेवटच्या कुंड्या उशिरा आल्या, पाइप मधेच निसटला, गुडघ्यापर्यंत चिखल झाला. पाय धुवायला बाहेर नळ होता. पण मी म्हटलं, कुणासाठी धुवायचे? तसाच आत जाऊन खांबाआड उभा राहिलो. पुढच्या बाकावर तात्यासाहेब नवा फेटा बांधून बसलेले, मान वळवून वळवून मला शोधतायत. मी खांब झालो.

फादर तांब्या-परात घेऊन पहिल्या खुर्चीपुढं गुडघ्यावर बसले, तोच हा कडुबा उठला. फादरच्या कानात काहीतरी बोलला आणि भर चर्चमधून सरळ माझ्याकडं चालत आला. माझा हात धरून म्हणाला, "बाबा, जागा तुमची हाय. तुम्ही बसा." मला नाय म्हणायचं होतं, खरंच. पण सगळं चर्च बघत होतं, तात्यासाहेबांचा फेटा वळला होता, आणि माझे पाय आपोआप निघाले. खुर्चीत बसल्यावर ध्यानात आलं, की कसले पाय निघाले ते.

फादरनी पहिला तांब्या ओतला आणि परातीत काळं पाणी जमलं. दुसरा ओतला, आणखी काळं. आणि आप्पा, गाणाऱ्यांतली गीताबाई फिस्सकन हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. मनकर्णानं पदर तोंडावर घेतला, तो तिनं ईस्टरपर्यंत काढला नाही असं समजा. पण फादर घाई करीनात. बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून हातानं चोळून चोळून चिखल काढला, मग म्हणाले, "डावा पण द्या, सर्जेराव." माझ्या डाव्या पायाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी बोलावलं. दोन्ही धुतले, पुसले, वाकून मुका घेतला, आणि मला एवढ्या माणसांत रडू फुटलं. इतकी वर्षं पाय धुऊन घेतले, पण असं कधी झालं नव्हतं. बाजूला कडुबाच पुसायचं फडकं घेऊन उभा होता. त्यानं मला डोळे पुसायला तेच दिलं.

इथं पत्र संपवलं असतं तर मी चांगला माणूस ठरलो असतो. पण ईस्टरचं प्रवचन राहिलं. फादर म्हणाले, मी आजवर धुतलेलेच पाय धुतले. यंदा पहिल्यांदा धुण्याजोगा पाय मिळाला. मी ताठ बसलो. पण त्याला किती वेळ दिला? एक वाक्य! पुढचं सगळं प्रवचन कडुबावर. हातची जागा सोडणं म्हणजे काय, नम्रता म्हणजे काय, कडुबा, कडुबा, कडुबा. अहो, चिखल माझा, फजिती माझी, रडलो मी, आणि नम्र तो! तात्यासाहेबांनी बाहेर आल्यावर माझा हात घाईघाईत दाबला आणि विचारलं, ते सज्जन कोण? आता पुढच्या रविवारी कडुबा बायकोसकट जालन्याला जेवायला आहे. आम्हाला अजून निरोप नाही.

असो. मी जळत नाही. तुम्ही तब्येतीला जपा, वैनींना उन्हात जाऊ देऊ नका.

तुमचा धाकटा,
सर्जेराव

ता. क. फादर सायमन आधी तुमच्या कन्नड भागात होते, तुमच्या घरी जेवून गेलेत, तुमचा शब्द मोडणार नाहीत. पुढच्या वर्षी माझं नाव बारांत घालायला सांगा. बसायला नको आहे मला. सगळ्यांदेखत उठून जागा कडुबाला द्यायची आहे. पण त्यासाठी आधी मला जागा मिळायला पाहिजे ना!

ता. क. २. समजा तो बसलाच नाही (बसायचा नाही, पाजी आहे), तर मलाच बसावं लागणार. तेव्हा पुढच्या उपवासकाळात आपल्या खालच्या वावरातली काळी माती एक पोतं एसटीत टाकून द्या. इथला मुरूम एका तांब्यात निघून जातो.

भाऊजींना मनकर्णाचा नमस्कार. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून दोन ओळी. माती पाठवणार असाल तर दोन पोती पाठवा. काल कडुबाभाऊ येऊन हळूच विचारत होते, वैनी, तुमच्या देवगावची काळी माती थोडी मिळंल का. गुलाबाला पाहिजे म्हणाले. त्यांच्या घरी मी लई येळा गेले, कुंडी एकबी नाय.