मामांचे शिफारसपत्र

४ जून

चि. ठमीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. शहराला पाणी पुरवणाऱ्या तुझ्या केंद्राच्या प्रमुखपदासाठी तुझे नाव निवड समितीपुढे आहे, हे तुझ्या पत्रात ओझरते वाचले. इतकी मोठी गोष्ट अशी कोपऱ्यात लिहितात का गं? समितीचा अध्यक्ष माझा जुना विद्यार्थी, आमचा घोकंपट्टीबहाद्दर पोपट. त्याला तुझ्याविषयी दोन पाने भरून लिहिले आहे. अंथरुणाला खिळलेल्या ताईला तू स्वहस्ते भरवतेस, न्हाऊ घालतेस, कधी कुरकुरत नाहीस. सेवेपरता धर्म नाही, असे शास्त्र सांगते; तुझ्याहून मोठा दाखला मला सुचला नाही.

ताईस नमस्कार. या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

— मामा

१९ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

पद मिळाले नाही. माझ्याहून सात वर्षांनी कनिष्ठ सहकाऱ्याला मिळाले. कोणती झडप आधी उघडायची, हे तो आजही मलाच विचारतो. तुमचे पत्र सभेत मोठ्याने वाचले गेले. पोपटरावांचे डोळे पाणावले. मग ते म्हणाले, की अशा मातृभक्त मुलीवर आणखी भार टाकणे पाप ठरेल. त्या सहकाऱ्याची आईही अंथरुणावर आहे, मामा; त्याला ते कुणी विचारले नाही. माझे मात्र सर्वांनी कौतुक केले.

आईला सांगितलेले नाही. ती रोज विचारते, खुर्ची कधी मिळणार. मी म्हणते, सुतार अजून आला नाही.

मी रागावलेले नाही. पण दोन पानांत माझ्या कामाविषयी एक शब्दही का नव्हता?

एवढे विचारले म्हणून मला परकी करू नका.

— ठमी

२५ जून

चि. ठमीस आशीर्वाद, तो देण्याचा अधिकार उरला असेल, तर.

वि. वि. तुझे पत्र आले आणि पूजा अर्धीच राहिली. पोपटाला दोष देत नाही. स्त्रीच्या स्तुतीचे श्लोक मीच त्याच्याकडून घोकून घेतले होते.

तुझ्या कर्तृत्वाविषयी त्याला नव्याने लिहावे, म्हणून बसलो. लेखणी पहिल्याच ओळीत थांबली. बावीस वर्षांत तू तिथे नेमके काय करतेस, हे मी कधी विचारलेच नव्हते. मग तुझी जुनी पत्रे काढली. पूर आला तेव्हा तीन दिवस तू केंद्रातून हलली नाहीस, गढूळ पाण्याचा थेंबही शहरात जाऊ दिला नाहीस, असे एकात लिहिले आहेस.

त्या पत्राला मी दिलेले उत्तर आठवले. तिथे कोणी पुरुष माणूस नव्हता का, एवढेच मी विचारले होते.

वयाने लहान असलीस, तरी क्षमा तुझ्याकडेच मागतो.

— मामा