ओशन क्वीन मागे वळत नाही

सोमवार, १४ जून. सकाळ.

हॉकली लॉकचा खालचा दरवाजा मोडला. बातमी पक्की आहे. कालवा खात्याच्या पारगेटरने स्वतः सायकलवरून येऊन सांगितली. बोटी वर-खाली करणारा तो पाण्याचा हौदच बंद, दहा दिवस तरी बोट पुढे जाणार नाही म्हणाला. लाकूड आतून कुजलं होतं. मी म्हटलं, मला याची शंका होतीच. पारगेटर म्हणाला, मग कळवायचं होतंत की साहेब, आम्ही मोडायच्या आधी आलो असतो. खात्याची माणसं हल्ली अशीच बोलतात.

परिस्थिती लिहून काढतो, म्हणजे डोकं शांत राहील. शनिवारी ब्रिंडलच्या धक्क्यावर जुन्या बोटींचा मेळावा. तीन वाजता माझं व्याख्यान, ‘कालव्यावरचे सोनेरी दिवस’. शिवाय बायकोचा, म्हणजे ऑलिव्हचा, थोरला भाऊ एबल तिथे येणार आहे. वय अठ्ठ्याहत्तर. पुढच्या आठवड्यात त्याची मुलगी त्याला कायमचा न्यूझीलंडला नेतेय. जायच्या आधी एकदा आमच्या बोटीवरून फिरवीन, असं ऑलिव्हने त्याला कबूल करून ठेवलंय. मला न विचारता. म्हणजे शनिवारी कामं दोन, त्यातलं मुख्य व्याख्यान.

ऑलिव्ह म्हणाली, मग बोट वळव. मागे जाऊ, थॉर्नीच्या फाट्याने ब्रिंडल दोन दिवसांवर आहे.

बोलायला सोपं आहे. ओशन क्वीन साठ फूट लांब. कालवा त्याच्या निम्म्याहून थोडा रुंद. बोट वळवण्यासाठी काठाला मुद्दाम एक खाच खोदलेली असते. तिच्यात नाक घालायचं आणि शेपूट फिरवायची. अशी एक खाच इथेच ‘थ्री डक्स’ पबच्या बागेसमोर आहे. पण गेल्या तीन उन्हाळ्यांत मी ओशन क्वीन एकदाही वळवलेली नाही. तशी वेळच येऊ दिली नाही. दरवर्षी नकाशावर असा गोल रस्ता आखतो की वळावं न लागता घरी यावं. याला नियोजन म्हणतात. ऑलिव्ह याला दुसरं काहीतरी म्हणते.

संध्याकाळ. वारा बरोबर नाही. उद्या.

मंगळवार, १५ जून. सकाळ, उत्साहात.

आज वळवणार. चार वर्षं मी या विषयाचा अभ्यास केलाय. गॅसच्या शोरूममध्ये मॅनेजर होतो तेव्हाही जेवणाच्या सुट्टीत कालव्यांचीच पुस्तकं वाचायचो. ऑलिव्हचा जन्म कोळशाच्या बोटीवर झाला, हे खरं आहे. अकरा वर्षांची होईपर्यंत ती तिथेच वाढली, हेही खरं. पण त्या वयात माणूस नुसता राहतो, निरीक्षण करत नाही. आमची कामाची वाटणीही त्याच हिशेबाने आहे: सुकाणू माझ्याकडे, लॉक तिच्याकडे. सुकाणूला एकाग्रता लागते. लॉकचे दरवाजे काय, ढकलले की उघडतात.

दुपार.

वळवण्याचा प्रयत्न तांत्रिकदृष्ट्या यशस्वी. नाक खाचेत गेलं. शेपूट फिरली. मग वाऱ्याने परत आली. पुन्हा फिरवली, पुन्हा आली. शेवटी नाक या काठाला आणि शेपूट त्या काठाला, अशी बोट बराच वेळ आडवी राहिली. दोन्ही बाजूंना मागे बोटी थांबल्या. समोर गळ टाकून बसलेल्यांपैकी लाल टोपीवाला ओरडला, ॲडमिरल, पूल बांधताय का? बरं झालं, मला केव्हाचं पलीकडे जायचं होतं! दुसरा म्हणाला, टोल कोण घेणार, तुम्ही का बाईसाहेब? मी लक्ष दिलं नाही. मासे पकडणाऱ्यांना जलवाहतुकीची समज नसते.

ऑलिव्ह काठावर दोरी धरून उभी होती. मध्येच तिने हाताचं बोट जिभेला लावून गालावर फिरवलं. दात दुखत असावा. मग म्हणाली, इंजिन बंद कर, वारा करेल ते. बायकांचा यंत्रावर विश्वास नसतो. मी इंजिनाचा जोर वाढवला.

पबच्या मालकिणीची जिरेनियमची कुंडी मुळातच पाण्याच्या फार जवळ ठेवलेली होती.

रात्री जेवताना ऑलिव्ह वाटाणे मोजून खावेत तसे खात होती. मग म्हणाली, क्लेमंट, गुरुवारी सकाळी निघालो नाही तर शनिवारी पोचत नाही. मी म्हटलं, माझं व्याख्यान आहे, मला कळत नाही का? ती म्हणाली, व्याख्यान नाही रे. एबल.

निश्चय: उद्या नवी पद्धत.

बुधवार, १६ जून. सकाळी ७.

रात्री सुचलं. इतकं साधं आहे की आजवर कुणाला कसं सुचलं नाही! वळायचंच कशाला? उलटं जायचं. बोट तोंड हॉकलीकडे ठेवून थॉर्नीच्या फाट्यापर्यंत मागे मागे न्यायची. ऑलिव्हला सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि काठावर जाऊन उभी राहिली.

सकाळी ११.

एक गोष्ट पुस्तकांत ठळक लिहायला हवी. बोट उलटी जाताना सुकाणूचं ऐकत नाही. कुणाचंच ऐकत नाही. एकदा डाव्या काठाला, एकदा उजव्या. मग थोडा वेळ पुन्हा आडवी. लाल टोपीवाला म्हणाला, ॲडमिरल, काल पूल बांधला, आज पाडताय? त्याच्या जोडीदाराने विचारलं, फ्रान्सला हाच रस्ता का? पोरकट माणसं.

दुपारी २.

बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात कुणाचा तरी रेनकोट अडकला. बायकांचा, बेल्टसकट. इंजिनाचं झाकण उघडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून बसलो. जून महिना आहे, हे पाण्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. रेनकोट निघता निघेना. तोवर ऑलिव्हने दोरी खांद्याला लावून बोट ओढत परत खाचेपाशी आणली. एकटीने. मी आतून ओरडून दिशा सांगत होतो. आपण जिथून निघालो तिथेच आहोत, पण आता पुरेशा माहितीनिशी.

संध्याकाळी ६.

शिंका. अंगात कणकण. ऑलिव्ह पबच्या फोनवरून बोलून आली. एबलशी बोलली असावी. डोळे लाल होते. तिची लहान बॅग पलंगावर दिसली. विचारलं तर म्हणाली, उद्या नऊची बस ब्रिंडलला जाते. बोट नाही तर नाही, निदान त्याला भेटेन तरी. मी म्हटलं, बसमध्ये एबलला कसं फिरवणार? ती म्हणाली, तेच तर. आणि तिथून मी सरळ घरी जाईन, क्लेमंट. बोट विकायची जाहिरात तू दे. तुझी भाषा चांगली आहे.

भाषेबद्दल तिने प्रथमच चांगलं म्हटलं. झोप मात्र लागेलसं वाटत नाही.

गुरुवार, १७ जून. सकाळी ८.

नाक पूर्ण बंद. तरी पावणेआठलाच सुकाणूवर उभा राहिलो. एका हातात रुमाल, दुसऱ्यात सुकाणू. ऑलिव्ह बॅग घेऊन काठावर. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग बॅग खाली ठेवली, वर आली आणि म्हणाली, क्लेमंट, तू खाली जाऊन चहा कर. मी म्हटलं, आणि सुकाणू? ती म्हणाली, धरते जरा. चहा होईपर्यंत.

आजारी माणसाने वाद घालू नये. खाली गेलो.

सकाळी ८.३०.

चहा घेऊन वर आलो तर सूर्य दुसऱ्या बाजूला.

प्रथम वाटलं, ताप वाढला. पण हॉकलीचा लॉक खरंच मागे होता आणि पबची बाग उजव्या हाताऐवजी डाव्या हाताला. इंजिनाचा आवाज नाही. ऑलिव्ह सुकाणूला टेकून उभी, एका हाताने केस सावरत. किटलीत पाणी उकळत होतं तेव्हा बोटीखाली काही हललं असेल, तर मला जाणवलं नाही. कपातला चहासुद्धा बशीत सांडला नव्हता.

समोरचे गळवाले उभे राहिले होते. लाल टोपीवाल्याने टोपी काढली. मी हात वर करून आभार मानले. तो म्हणाला, तुम्हाला नाही हो, ॲडमिरल.

वारा पडला होता, हे मुख्य कारण. आणि दोन दिवस मी खाचेचा अंदाज घेतला होता, त्याचा फायदा झाला.

शुक्रवार, १८ जून. दुपार, लॉकच्या भिंतीवर बसून.

सर्दीला मोकळी हवा आणि व्यायाम चांगला, म्हणून आज लॉक मी घेतले. ऑलिव्हला म्हटलं, तोवर तू सुकाणू धर. ती धरूनच होती.

लॉकचा दरवाजा लांबून दिसतो तसा नाही. मी पोटाने ढकलत होतो, तो मला ढकलत होता. ऑलिव्ह खालून ओरडली, पाठ लाव रे, पोट नको! मागे टेकून बसल्यासारखा हो! तसं केल्यावर हलला. किल्ली फिरवून पाणी सोडायचं, थांबायचं, दरवाजा, पुन्हा किल्ली, पळत पुढच्या लॉकला. तळहाताला फोड आले. गुडघ्यातून आवाज येतो.

हे काम ती गेली तीन वर्षं करतेय. तिने एकदा तरी बोलायचं होतं. बोललीही असेल, सुकाणूपाशी इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

संध्याकाळी ७. ब्रिंडल. पोचलो. वेळेत. सगळा आराखडा जमला.

शनिवार, १९ जून. सकाळ.

एबल आला. लहानखुरा, गळ्यात रुमाल, मुलीच्या गाडीतून उतरायलाच त्याला किती वेळ लागला. ऑलिव्हला बघून म्हणाला, अगं छोटे, केवढी म्हातारी झालीस! ती म्हणाली, आणि तू काय, तसाच आहेस का? दोघंही मग हसत बसली. नंतर तो एकटाच बोटीच्या मागच्या टोकाला गेला आणि सुकाणूवर हात ठेवून उभा राहिला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. मी जवळ जाऊन पितळेच्या पॉलिशबद्दल सांगायला लागलो. ऑलिव्हने मला बाहीला धरून मागे ओढलं.

बऱ्याच वेळाने एबल म्हणाला, नाव काय हिचं? मी अभिमानाने सांगितलं, ओशन क्वीन. त्याने इकडेतिकडे पाहिलं. म्हणाला, समुद्र कुठाय, राजा?

संध्याकाळी ५.

व्याख्यान झालं. श्रोते: चिटणीस मिसेस व्हिटल, एक गृहस्थ, त्यांचा कुत्रा आणि एक बाई, ज्या शौचालय शोधत होत्या. त्यांना सांगितल्यावर त्या गेल्या. कुत्रा दहा मिनिटांनी बाहेर गेला आणि गृहस्थ त्याला शोधायला. ते अजून शोधत असावेत. मिसेस व्हिटलनी शेवटपर्यंत ऐकलं. तंबूची किल्ली त्यांच्याकडे होती. मग म्हणाल्या, चला ना, आपणही तिकडे जाऊ.

तिकडे म्हणजे आमच्याच बोटीपाशी. पन्नासएक माणसं धक्क्यावर, काही गवतावर बसलेली. ऑलिव्ह आणि एबल छतावर पाय सोडून बसले होते आणि एकमेकांची वाक्यं तोडत सांगत होते. आई तिला पट्ट्याने धुराड्याला बांधून ठेवायची, पाण्यात पडू नये म्हणून. सहाव्या वर्षी ती कोळशाच्या डब्यावर उभी राहून सुकाणू धरायची. एबल म्हणाला, आणि मी पुढे घोड्याशी बोलत चालायचो, तर ही मागून ओरडायची, गप्पा पुरे, घोड्याला कंटाळा आलाय! कुणीतरी विचारलं, एवढी मोठी बोट वळवायचात कशी? ऑलिव्ह म्हणाली, आई सांगायची, गाल ओला कर. वारा कुठल्या गालाला लागतो ते बघ, मग नाक खाचेत टाक आणि गप्प उभी राहा. बाकीचं वारा करतो.

म्हणजे मंगळवारी दात दुखत नव्हता.

रात्री.

सदतीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकलं. तिला विचारलं, कधी सांगितलं का नाहीस? ती मोजे काढत होती. म्हणाली, सांगायला लागले की तू मला कालव्यांची माहिती द्यायचास. रागाने नाही म्हणाली. हसून म्हणाली.

व्याख्यानातल्या बऱ्याच गोष्टी एबलच्या सांगण्याशी जुळत नाहीत. त्याला एकदा माझी टिपणं दाखवायला हवीत, म्हणजे तो दुरुस्ती करेल. त्याच्या आठवणींत.

रविवार, २० जून. संध्याकाळ.

विश्रांती. सर्दी उतरली. बोट विकायच्या जाहिरातीचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. बॅग पलंगाखाली रिकामी आहे. हात घालून पाहिली.

उद्याचं ठरलं. एबलला घेऊन ब्रिंडलच्या उतारावरून खाली जायचं, एकामागे एक एकवीस लॉक. सुकाणूवर एबल. तो दमला की ऑलिव्ह. मी विचारलं, आणि मी? एबलने मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं, बोटीला पाहावं तसं. म्हणाला, पुढचा लॉक बोट यायच्या आधी तयार लागतो. त्यासाठी आम्ही एकजण सायकलवर पुढे धाडायचो. घरात जो सर्वांत लहान असेल, अजून दुसरं काही येत नसेल, त्याला. तुला जमेल, राजा. घाई नको करूस.

पारगेटरच्या ओळखीतून सायकल मिळाली आहे. पुढचा ब्रेक लागत नाही, पण रस्ता सगळा उताराचाच आहे, म्हणजे वेळ वाचेल. रेडिओवर उद्या पाऊस सांगितलाय. पंख्यातून निघालेला रेनकोट ऑलिव्हने धुऊन, वाळवून माझ्यासाठी टांगून ठेवलाय. बेल्टसकट. लॉकची किल्ली उशाशी ठेवली आहे.

पहाटे सहाला मी निघणार, बोट माझ्या मागून येणार. एका अर्थाने नेतृत्व माझ्याकडेच आहे.