सीटखालची लोखंडी पट्टी

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

दोन महिने ही वही उघडली नाही, चूक माझीच. आज मन ठिकाणावर नाही म्हणून बसलो.

मयुरीच्या एकचाकी सायकलची प्लास्टिकची सीट दांड्याजवळ तडकली होती. तशी दुसरी सोलापुरात मिळेना. म्हणून जुन्या कूलरच्या स्टँडची पट्टी कापली, ठोकून वाकवली, भोकं पाडली आणि काल सीटखाली बोल्टने आवळली. सकाळी आईने सायकल, पाना, हातोडी सगळं पूजेत मांडलं. हळद लावताना, पट्टी जिथे वाकवली होती तिथे, भोकाशेजारी, केसासारखी चीर दिसली. हळद आत शिरली म्हणून, एरवी दिसलीच नसती.

पान्याकडे हात गेला तशी आई म्हणाली, "आज हत्यार उचलायचं न्हाय. उद्या कर की काय ते." मी हात मागे घेतला. एरवी आईचं इतकं ऐकतो मी?

तेवढ्यात मयुरी आली. "बाबा, उद्या कॉलनीत सगळ्यांसमोर चालवणारे मी. पक्की आहे ना पट्टी?"

"पक्की की."

असं का म्हणालो? पोरगी मैत्रिणींना फोनवर सांगत होती, आमच्या बाबांनी घरी बनवलीय. तेवढ्या कौतुकासाठी? सीट तुटली तर ती पाठीवरच पडेल, नाहीतर डोक्यावर. पाना पूजेत होता, माझी जीभ तर नव्हती. ती पिवळी रेघ डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्या: मयुरी सायकल बाहेर काढण्याआधी, तिच्याशी खोटं बोललो हे तिला सांगणे.