नेहमीचं उत्तर

१८ मार्च, सोमवार

अधिवेशन संपायला पाच दिवस. सगळे आमदार परीक्षेच्या आदल्या दिवशी वही शोधणाऱ्या पोरांसारखे धावताहेत! वर्षभर ज्यांना मतदारसंघाची वेस आठवली नाही, त्यांना आज तिथलं एकेक गटार तोंडपाठ.

आमचे साहेब धावत नाहीत. पेंगतात. आज तिसऱ्या रांगेत, दोन्ही हात पोटावर. आरोग्यावर चर्चा चालली होती. मध्येच दचकून जागे झाले आणि जोरात बाक वाजवला — विरोधकांच्या भाषणाला! मी वर गॅलरीत मान खाली घालून बसलो.

चौदा वर्षं या माणसाचा स्वीय सहायक आहे मी. भाषण माझं, पत्र माझं, अक्कलही माझीच. त्यांची फक्त सही. तीसुद्धा दर महिन्याच्या एक तारखेला कोऱ्या लेटरहेडच्या गठ्ठ्यावर घेऊन ठेवतो. चहा पिता पिता करतात. वर काय छापणार, हे आजवर एकदाही विचारलेलं नाही.

१९ मार्च, मंगळवार

अर्जांचा ढीग. शेवटच्या आठवड्यात लोकांना ऊत येतो. माझी पद्धत सरळ आहे. विषयाची ओळ वाचायची, कोपऱ्यात पेन्सिलीने 'ने. उ.' लिहायचं — नेहमीचं उत्तर — आणि पुढचा अर्ज. टायपिस्ट नाव-पत्ता घालतो, सही तयारच असते. अर्ज कपाटात, उत्तर टपालात. 'आपल्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार सुरू असून योग्य वेळी उचित कार्यवाही करण्यात येईल.' हे वाक्य माझं! शेजारच्या तीन आमदारांच्या कार्यालयांनी जसंच्या तसं उचललंय. तासाभरात ऐंशी अर्ज हातावेगळे केले.

साहेबांपुढे एकही नेत नाही. नेऊन करायचंय काय? गाढवापुढे वाचली गीता!

सकाळी डबा भरताना बायको म्हणाली, आक्कांना फोन करा. पुन्हा तेच टुमणं. आक्का, माझी थोरली बहीण, आमच्याच मतदारसंघात शाळेची मुख्याध्यापिका. तीन वर्षं माझ्याशी बोललेली नाही. कारण सांगत नाही. भाचीच्या लग्नाला अधिवेशनामुळे गेलो नाही, तेच असणार. आक्का म्हणजे नियम! डॉक्टर ओळखीचा असला तरी नंबर लावून बसणारी बाई. पण भावाला एक लग्न माफ नाही! मी का म्हणून फोन करू?

२० मार्च, बुधवार

निधीची प्राधान्ययादी शुक्रवारी पाचच्या आत द्यायची, सरकारी नमुन्यावर; सही केलेलं कोरं लेटरहेड इथे चालत नाही. पाच कामं लिहायची. पहिल्या तीन कामांना निधी मिळतो, बाकीच्या दोन्हींना आश्वासन. हे शिपायालाही माहीत आहे.

साहेबांची यादी: एक, त्यांच्या घरापासून हमरस्त्यापर्यंत डांबरीकरण. दोन, बाजाराला शेड. तीन, गावाच्या तोंडाशी कमान — कैलासवासी वडिलांच्या नावाची! उंची किती, विचारलं. म्हणाले, ट्रक गेला पाहिजे. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

२१ मार्च, गुरुवार

आज एक नर्सबाई आली. ओढ्यापलीकडच्या उपकेंद्रातली. सकाळी निघून दोन बस बदलून आलेली. टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत आमची पाच पत्रं, नीट घड्या घातलेली. दर अधिवेशनाला तिने अर्ज केला, दर वेळी उत्तर गेलं. पाचही एकसारखी, फक्त तारीख वेगळी.

मागणी एवढीच: ओढ्यावर साकव. पायी चालण्यापुरता पूल. पाणी वाढलं की रुग्णवाहिका अलीकडे थांबते, अडलेल्या बाईला खुर्चीत बसवून चौघं दगडांवरून आणतात. गेल्या वर्षी एकीला मधल्याच दगडावर कळा आल्या. "मी पाण्यात उभी राहून बाळंतपण केलं," म्हणाली. "बाळ वाचलं. पुढच्या वेळचं सांगता येत नाही." रडली नाही, भांडली नाही. जाताना फक्त म्हणाली, "साहेबांना एकदा वाचायला द्या, एवढंच."

अर्ध्या ओळीच्या मागणीसाठी पाच वेळा तोंडाला पानं पुसली! आणि खाली ती झोकदार सही. संताप आला या माणसाचा. बाई पाण्यात उभी आणि याची कमान ट्रकच्या मापाची!

ठरवलं. यादी मीच टाईप करतो. तीन नंबरला कमानीऐवजी साकव. न वाचता सही करतात ना? बरं झालं! चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या आळसाचा कोणाला तरी उपयोग होईल.

२२ मार्च, शुक्रवार

रात्रीचे बारा वाजून गेलेत. तरी लिहितो.

दुपारी तीनला यादी पुढे ठेवली, पेन उघडून दिलं. साहेबांनी खिशातून चष्मा काढला! चौदा वर्षांत या केबिनमध्ये मी तो चष्मा पाहिला नव्हता. वडिलांचं नाव छापलेलं बघायचं होतं त्यांना. बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. हा साकव कुठला, विचारलं.

मला चेव चढला. म्हटलं, होऊन जाऊ दे आज! नर्सबाई ठेवून गेलेली पाच पत्रं त्यांच्यापुढे मांडली. म्हटलं, बघा, पावणेदोन वर्षं ती बाई लिहितेय, आणि प्रत्येक उत्तराखाली तुमची सही आहे.

पाचही वाचली. सावकाश, ओठ हलवत. मग म्हणाले, "सही माझी आहे. पत्र कोणाचं?"

मी पत्रं गोळा करू लागलो.

तिचे अर्ज मागितले. कपाटातून काढून दिले. तेही वाचले. कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, हे पेन्सिलीने काय लिहिलंय. सांगावं लागलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.

"मी झोपतो, हे खरं आहे," म्हणाले. "पण मला उठवायचं काम तुझं होतं."

मग स्वतःच्या हाताने यादी बदलली. साकव एक नंबरला. शेड दोन, डांबर तीन. कमान खोडली. म्हणाले, वडील तोच ओढा ओलांडून शाळेत जायचे, त्यांना कमानीचं काही वाटणार नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना यादी घेऊन स्वतः गेले. पळत! मला बरोबर घेतलं नाही.

कोऱ्या कागदांवर सह्या बंद. सोमवारपासून कपाटातला एकेक अर्ज त्यांच्यापुढे ठेवायचा आहे. आता आलं शहाणपण! चौदा वर्षं कुठे होतं? एक दिवस वाचलं म्हणून माणूस मोठा होत नाही. डांबर अजून त्यांच्याच दारापर्यंत जातंय!

असं लिहितोय खरं, पण जेवण गेलं नाही.

२३ मार्च, शनिवार

अधिवेशन संपलं. कार्यालयात मी एकटाच. सोमवारसाठी गठ्ठे वर्षांप्रमाणे लावायला घेतले. आज विषयाच्या ओळीखालचंही वाचत होतो. एक अर्ज तीन वर्षांपूर्वीचा. शाळेचं छत तीन वर्गांवर वाकलंय, मुलांना झाडाखाली बसवते, कृपया पाहणी व्हावी. भाऊ याच कार्यालयात आहे, असा कुठे उल्लेख नाही. खाली आक्काची सही. वर कोपऱ्यात पेन्सिलीने ने. उ. अक्षर माझं.