नऊ नंबरची खाट

३ फेब्रुवारी
केजच्या दवाखान्यात रुजू झाले! एकसष्टाव्या वर्षी पुन्हा नोकरी, तीही पंख्याखाली बसून. इथे भरती होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे जुने आजार विचारून कागदावर लिहायचे. पुरुषांना कोणते जास्त, बायकांना कोणते, हे डॉक्टरांना पाहायचंय. आमचे हे, ज्ञानोबा, स्वतः मोटारसायकलवर सोडायला आले. माझी शुगरची गोळी तीन वर्षांपासून पिठाच्या डब्यात लपवलेली आहे. यांना कळलं तर घरी बसवतील.

६ फेब्रुवारी
पुरुषांचे कागद भरताना मजा येते. म्हातारे गप्प बसतात आणि त्यांच्या बायका घडाघडा सांगतात: बीपी कधीपासून, गोळी गुलाबी की पांढरी, दम कोणत्या साली लागला. पान पुरत नाही. बायकांच्या वॉर्डात मात्र सोबतच्या पुरुषाला विचारायचं, अशी इथली पद्धत. सही त्याचीच असते. नऊ नंबरच्या मनकर्णाबाई धापा टाकत होत्या. नवरा अजिनाथ म्हणाला, तिला काय न्हाई, लई काटक हाय. बाईंनी माझा पदर धरला. दहा वर्सं झाले छाती भरून येती, लिवा की बाई, म्हणाल्या. मी अजिनाथकडे पाहिलं आणि 'काही नाही' लिहिलं. पद्धत म्हणजे पद्धत.

८ फेब्रुवारी
राउंडला डॉक्टर आठ नंबरवरून थेट दहावर गेले. मी हटकलं, तर म्हणाले, नऊ रिकामीच आहे. मनकर्णाबाई तिथेच बसून माझ्याकडे बघत होत्या.

९ फेब्रुवारी
मनकर्णाबाईंचा कागद काढून 'काही नाही' खोडलं, 'छातीचा आजार' लिहिलं. दुपारी पाहिलं तर खाडाखोड नाही. माझ्याच अक्षरात 'काही नाही'. बायकांचे बावीस कागद उलटले. सगळीकडे तेच. डॉक्टर खूश आहेत, बायकांना आजारच नाहीत म्हणतात. मला लाज वाटतेय.

११ फेब्रुवारी
मनकर्णाबाई गेल्या. सिस्टरने त्यांच्या अंगावरूनच नवी चादर घातली, कोपरे नीट खोचले. मी ओरडले. अजिनाथने विचारलं, कावून वरडता, खाट तर मोकळी हाय.

१२ फेब्रुवारी
भीतीने दोन दिवस गोळी विसरले. वॉर्डातच चक्कर आली. शुद्धीवर आले तर— नऊ नंबर.

१३ फेब्रुवारी
माझ्या जागी पौर्णिमा नावाची हसरी मुलगी आलीय. तिने यांना विचारलं. हे कौतुकाने म्हणाले, तिला काय न्हाई, कालपर्यंत नोकरी करत व्हती. मी तिची ओढणी धरली— शुगर आहे, पिठाच्या डब्यात गोळी आहे, लिही गं— तिने यांच्याकडे पाहिलं. लिहिलं. तीन शब्दसुद्धा नाहीत. दोनच.

१४ फेब्रुवारी
डॉक्टर आठवरून दहावर— हाका मारल्या— हे माझ्या पायांवरच बसले, सिस्टरला विचारतायत, आमची यशोधरा कुठंय—

सिस्टर आली. हातात चादर. एक कोपरा— दुसरा—