वर्षाचा गूळ

३१ ऑक्टोबर १९५५
काल चुकीचं लिहिलं. ठमाकाकीनं पिठाच्या मडक्यात हात घातला म्हणून अनारसे बिघडले, असं लिहिलं. खोटं! काकीनं मडक्याला बोटही लावलं नव्हतं. चूक माझी.

पणजीनं कुळकर्ण्यांकडून मोडीत लिहून घेतलेला कागद घरात मी एकटीच वाचू शकते. त्यात 'गूळ वर्षाचा' असं स्पष्ट आहे. मी वाचलंही होतं. पण आपलं गुऱ्हाळ दसऱ्यालाच पेटलं, पिवळीधमक ढेप घरात — आणि पाहुण्यांना जुना काळा गूळ? लाज वाटली. ताजा घातला. तो ओलसर. अनारसे तुपात पडले आणि हसले — विरघळून नुसता चुरा झाला.

आबा मोठ्यानं म्हणाले, "हसला गं अनारसा, रतन! माझ्या आजीच्या मागं कुणालाच जमला न्हाय. आपल्या घराला सोसतच न्हाय त्यो. कागद वाचून कुठं सैपाक व्हतो व्हय?"

"आणि जमला तर?"

"पाडव्याला सहकारी सोसायटीची मंडळी फराळाला येणार हायेत. त्यांच्या ताटात न हसलेला अनारसा वाढ. मग जा पुण्याला, हो मास्तरीण. अर्जावर माझा अंगठा!"

ट्रेनिंगचा अर्ज दसऱ्यापासून ट्रंकेत आहे. बारामतीला शाळेत द्यायचा. शेवटची तारीख २१ नोव्हेंबर.

१ नोव्हेंबर
काकीची माफी मागितली. ती म्हणाली, "दोन दिस लागले व्हय? शिकलेल्यांना जास्तच लागत आसतील." मग कणगीमागून पोत्यात गुंडाळलेली काळी ढेप काढली. "गुरांच्या औषदाला ठिवली व्हती. घे."
तांदूळ भिजत घातले.

२ नोव्हेंबर
पाणी बदललं. काकीला विचारून, कागद बघून, पुन्हा काकीला विचारून.

४ नोव्हेंबर
तांदूळ धोतरावर पसरले. ओलसर असतानाच दोघींनी कांडले. आंबूस वास येतो — तसा यायलाच हवा, कागदातही आहे. तरी कागद पुन्हा काढून बघितला. किसलेला जुना गूळ घालून गोळे बांधले, मडक्यात ठेवले. आता नऊ दिवस उघडायचं नाही. मी दोनदा उघडलं. (लिहून ठेवते.)

१३ नोव्हेंबर
एकच तळून पाहिला. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्यानं तूप उडवायचं. काकीनं डोळे मिटले होते. मीही!
नाही हसला. जाळी पडली — मधाच्या पोळ्यासारखी.

१५ नोव्हेंबर, पाडवा
एकशे बारा अनारसे. तीन हसले, ते मी आणि काकीनं चुलीपाशीच संपवले. पुरावा उरला नाही!

ओसरीवर सोसायटीची अठरा मंडळी. कळंबचे हिंदुराव पाच खाऊन म्हणाले, "आबासाहेब, असा अनारसा आमच्या आईच्या हातचा. त्यानंतर आज." गेणबा तात्यांना दात नाहीत. ते म्हणाले, "मला दातच लागले न्हाईत!"

आबांनी मला बाहेर बोलावलं. "हिनं केलं. कागद वाचून." कागद वाचून! सगळ्यांसमोर! मी खाली बघत होते, पण मला सगळं ऐकू येत होतं.

१६ नोव्हेंबर
अर्ज आबांना दोनदा वाचून दाखवला. दोन वर्षं, वसतिगृह, घरी फक्त सुट्टीत — काही गाळलं नाही. गाळावंसं फार वाटलं. आबांनी अर्ज हातात घेऊन उलटून पाहिला. मग म्हणाले, "शाई आण." अंगठा उमटला. थोडा फिसकटला, पण उमटला. शाळा दिवाळीच्या सुट्टीनंतर सोमवारी, २१ला उघडेल; त्याच दिवशी अर्ज द्यायचा.

१९ नोव्हेंबर
हिंदुरावांचा निरोप आला. त्यांच्या पुतण्यासाठी सोमवारी मला बघायला येणार. "असा हात आमच्या घरात यायला पायजे."
आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "अंगठा दिलाय, त्यो मागं घेत न्हाय. पर पाव्हणे येऊन तर जाऊ देत. अर्ज काय, मंगळवारी दी."
मंगळवारी मुदत संपलेली असेल. तसं सांगितलं. आबा मळ्यात निघून गेले.

२० नोव्हेंबर
काकीनं उरलेल्या अनारशांचा डबा पुसून ठेवला. म्हणाली, "त्यांना अनारसेच बघायचेत न्हवं? ते मी दावीन. तू जा."
आबांनाही आत्ताच जाऊन सांगितलं, चोरून जायचं नाही म्हणून. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.
उद्या. सोमवार, २१ नोव्हेंबर. आमच्या निमगावहून बारामतीची पहिली एसटी.