नवऱ्याच्या वाट्याच्या गोळ्या

दि. ९ ऑगस्ट

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे उघडशील की फाडशील, ठाऊक नाही. पत्ता तुझ्या जुन्या पुस्तक-बाइंडिंगच्या कारखान्यातल्या मुकादमीणबाईंनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच तीन खेटे घातले.

इकडे ठीक. शिंपीदादांच्या दुकानात मी अजून काज-बटणाला बसते. डोळे साथ देत नाहीत, सुई ओवायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. स्वयंपाकघराला रंग दिला. तुझ्यामागे नवी सून आली, हे तुला कळलं असेलच. दोन वर्षं झाली. पावाच्या दुकानात गल्ल्यावर असते, बोलकी आहे.

हे असलंच लिहीत बसते आणि पान संपतं. असे दोन कागद फाडले. आता लिहितेच.

गेल्या महिन्यात नवीच्या ओटीपोटात दुखायला लागलं. ताप, अंगावरून पिवळट, वास येणारं जायचं. ती बोलली नाही. पोट दाबून उभी असते, असं तिच्या मालकिणीने मला सांगितलं. तूही कारखान्यात छापील कागदांच्या घड्या घालताना, फर्मे मोडताना, टेबलाच्या कडेला पोट टेकवायचीस. तेव्हा मी म्हटलं होतं, "बाईच्या जातीला पोट दुखायचंच, त्याचा काय बाऊ करायचा?" या खेपेला तसं म्हणवलं नाही. तिला घेऊन दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला आत बोलावलं. "आजी, हा जंतुसंसर्ग आहे. खालून गर्भपिशवीत चढतो, तिथून नळ्यांत. नळ्या सुजतात. वेळेवर औषध नाही मिळालं तर आतून चिकटतात. मग दुखणं मागे लागतं, मूल राहणं अवघड होतं." त्यांनी दोन पाकिटं पुढे केली. "हे हिचं, चौदा दिवस. हे नवऱ्याचं. बहुतेक वेळा हे शरीरसंबंधातून येतं. दोघांचं औषध पुरं होईपर्यंत जवळ यायचं नाही. हिला बरं केलं आणि त्याला तसंच ठेवलं, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

दुसरं पाकीट मी उलटसुलट करून बघतच बसले. नवी म्हणाली, "आई, तुम्हाला बरं वाटत नाही का?"

पोरी, एकटीच दवाखान्यात जाऊन आलीस तेव्हा असंच पाकीट तू माझ्या हातात दिलं होतंस. "आई, तुम्हीच द्या त्यांना. माझ्यावर खेकसतात." मी ते दुकानात नेलं आणि चिंध्यांच्या पोत्यात टाकलं. पंधरा-पंधरा दिवस गाडीवर बाहेर असणारा मुलगा. त्याने गोळ्या घ्यायच्या म्हणजे बाहेर काहीतरी केलं, हे कबूल करायचं. माझ्या पोराला बोल नको, एवढंच डोक्यात. तुला सांगितलं, "घेतल्या त्याने." त्याला तर काही बोललेच नाही.

तू नेमाने चौदा दिवस औषध घेतलंस. तीन महिन्यांत दुखणं परत आलं. मग पुन्हा. मी त्या दुखण्याला नाटकं म्हटलं. चार वर्षांनी चारचौघांत वांझ म्हटलं आणि तू पिशवी उचलून गेलीस. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्याच हातात. तुझ्या नळ्यांची तपासणी कुणी केलीच नव्हती. तुला मूल होणार नाही, हे मीच ठरवलं होतं.

त्या रविवारी जेवायच्या आधी मी मुलापुढे पाकीट ठेवलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणाला. तेव्हा नवीच्या देखत सगळं सांगितलं. त्याने पाकीट हातात घेतलं. मग म्हणाला, "तेव्हा मला दिल्या असत्यास, तर घेतल्या असत्या मी." खरं की खोटं, देव जाणे. दिल्या नव्हत्या, एवढं खरं. खाली मान घालून त्याने गोळी गिळली. नवी भरलं ताट सोडून माहेरी गेली. औषध घेते आहे. परत यायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. मी तिला आणायला गेले नाही.

मुकादमीणबाई म्हणाल्या, तुझं लग्न ठरतंय आणि मूल होणार नाही असं तू त्या घरी आधीच सांगून टाकलंयस. म्हणून हे पत्र. डॉक्टरीणबाईंना मी तुझी सारी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय असं म्हणताच येत नाही. नळ्यांना इजा असेल, नसेलही. तू जाऊन दाखव. अजून दुखत असेल तर तेही सांग, सोसू नकोस. आणि दिवस राहिले तर लगेच दाखव. अशा नळीत गर्भ अडकला तर जिवावर बेततं.

माफी मागायला मी येणार नाही. दारात उभं राहून तुला 'असू द्या' म्हणायला लावणं, हीही जबरदस्तीच. उत्तर लिहू नकोस. पण होणाऱ्या नवऱ्याला, त्याच्या आईला, ज्याला वाटेल त्याला हे पत्र वाचायला दे. मी शुद्धीवर, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

तुझी सासू होती ती,
तेव्हा तुमच्या दोघांच्याही पाकिटांचं औषध वाया घालवणारी